स्लॅबचा दिवस

घर बांधून घेणाऱ्या माणसाला त्या वर्षभराच्या धावपळीतले बाकीचे दिवस आठवोत न आठवोत, स्लॅबचा दिवस मात्र विसरता येत नाही. पहाटेच मिक्सर येऊन उभा राहतो. खडी-वाळूचे ढीग आदल्या संध्याकाळीच पडलेले असतात, सिमेंटची पोती फळ्यांवर रचलेली असतात आणि सेंट्रिंगवाला खाली वाकून एकेक टेकू हलवून पाहत असतो. मुकादम वीस-पंचवीस माणसे घेऊन येतो. मिक्सरला हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि इंजिनाचा जो आवाज सुरू होतो तो काम संपेपर्यंत थांबत नाही. त्या दिवशीचे जेवण मालकाकडून, असा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रिवाज आहे. गोड काय करायचे याची चर्चा मालकाच्या घरी आठवडाभर चाललेली असते. काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचे, या प्रश्नाच्या वाट्याला मात्र त्या चर्चेतली पाच मिनिटेही येत नाहीत.

मी अभियंता नाही. बँकेच्या सेवेत ३४ वर्षे काढली, त्यांतली बरीचशी कर्ज विभागात. गृहकर्जाची रक्कम एकदम हाती दिली जात नाही, हे आपल्या ग्राहकांना ठाऊक आहेच. जोते झाले की एक टप्पा, स्लॅब झाला की दुसरा, गिलावा आणि फरशीच्या वेळी तिसरा, अशी ती बांधकामाच्या चालीने दिली जाते. त्या त्या वेळी अधिकाऱ्याने अथवा बँकेने नेमलेल्या अभियंत्याने जागेवर जाऊन पाहणी करायची आणि अहवाल द्यायचा. असे कितीतरी अहवाल मी लिहिले. ‘स्लॅबचे काम पूर्ण’ हे तीन शब्द लिहिण्यापूर्वी मी मान वर करून पाहत असे. स्लॅब जागेवर असे. छायाचित्र घेतले, सही केली, हप्ता मोकळा झाला. आपल्या बोलीत स्लॅब ‘पडला’ म्हणजे तो घातला गेला आणि स्लॅब ‘पडला’ म्हणजे तो कोसळला, असे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात नांदतात. याची तेव्हा मला केवळ गंमत वाटत असे. पूर्ण झालेला स्लॅब आणि चांगला झालेला स्लॅब यांतले अंतर मला उमगले, ते स्वतःच्याच घराच्या छताखाली उभे राहिल्यावर.

१९९४ साली गावी घर बांधायला काढले, तेव्हा माझी नेमणूक इंदूरला होती. स्लॅबच्या दिवशी रजा मिळाली नाही. वडील खुर्ची टाकून सावलीत बसले होते. रात्री दूरध्वनीवर त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले, की स्लॅब सुरेख झाला, दुपारी तीनलाच आटोपला. मलाही आनंद झाला. २००१ च्या पावसाळ्यात मधल्या खोलीच्या छताला ओल दिसू लागली. पुढे तिच्यातून तांबूस रेघा उमटल्या आणि २००८ साली एका रात्री गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा जमिनीवर आला. आत गंजून फुगलेली सळई दिसत होती. खोलीत कोणी नव्हते, एवढेच दैव.

दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्याने लहान हातोडीने छतभर ठोकून पाहिले. काही ठिकाणी खणखणीत आवाज आला, बऱ्याच ठिकाणी बद्द. निघालेला तुकडा त्याने माझ्या हातात ठेवला. तो पोळ्याच्या मेणासारखा सच्छिद्र होता. “यात सिमेंट कमी नाही, साहेब. पाणी जास्त आहे,” तो म्हणाला. मूळ स्लॅबला आला होता त्याच्या दुपटीहून अधिक खर्च दुरुस्तीला आला. त्या वेळी गृहकर्जाचे हप्ते संपायला अजून सहा वर्षे होती.

चौदाशे घमेली

स्लॅबमध्ये माल किती लागतो याचा अंदाज घरमालकाला सहसा नसतो. म्हणून थोडा हिशेब करू. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घेतला, तर तुळया सोडून सुमारे पावणेबारा ते बारा घनमीटर काँक्रीट लागते. त्याचे वजन अठ्ठावीस टनांच्या घरात जाते. एका घमेल्यात वीस किलो माल धरला, तर चौदाशे घमेली झाली. ही चौदाशे घमेली जमिनीवरून दहा-अकरा फूट वर जायची आणि तीही एका दिवसात. कालपरवापर्यंत हे काम माणसांच्या साखळीने होई. शिडीच्या पायऱ्या-पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या स्त्री-पुरुषांच्या हातांतून भरलेले घमेले वर जाई आणि रिकामे खाली येई. आपल्या शहरांतील कितीतरी इमारती अशा हातांवरून वर चढल्या आहेत. त्यानंतर मिक्सरलाच जोडलेली लिफ्ट आली. आता तर कारखान्यात मिसळलेले काँक्रीट फिरत्या ढोलाच्या गाडीतून येते आणि पंपाच्या लांब हातातून थेट जागेवर पडते.

पायाच्या कामातही असाच पालट झाला. कुदळ, टिकाव, पहार आणि फावडे घेऊन एक टोळी आठवडाभर जे चर खणत असे, ते आज ‘जेसीबी’ काही तासांत उरकतो. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची ही आद्याक्षरे. त्याने १९४५ साली आपला उद्योग सुरू केला आणि १९७९ पासून त्याची यंत्रे हरियाणातील बल्लभगड येथे बनू लागली. आज कोणत्याही कंपनीच्या तशा यंत्राला खेड्यापाड्यांत जेसीबीच म्हणतात. या यंत्रांसाठी कर्ज मागायला येणारी तरुण मंडळी आमच्या शाखांत वाढत गेली, तसा हा बदल आम्हाला कर्जखात्यांवरूनही दिसत होता.

मात्र यंत्र आले म्हणजे काम चांगले झाले, असे नव्हे. हातांनी केले म्हणजे वाईट झाले, असेही नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन धरणांचे उदाहरण यासाठी मला महत्त्वाचे वाटते. सतलजवरील भाक्रा हे २२६ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण मोठमोठ्या यंत्रांच्या बळावर उभे राहिले आणि १९६३ साली राष्ट्राला अर्पण झाले. कृष्णा नदीवरील नागार्जुनसागरची पायाभरणी १९५५ साली झाली. ते धरण दगडी बांधकामाचे, सुमारे १२४ मीटर उंच, आणि ते मुख्यतः मजुरांच्या हातांनी बांधले गेले. रीती दोन, आणि आज दोन्ही धरणे पाणी अडवून उभी आहेत. जी रीत निवडली तिचे नियम पाळले की नाही, एवढाच प्रश्न असतो. घराच्या स्लॅबलाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

पाणी

सिमेंट वाळते म्हणून घट्ट होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून काँक्रीटला बळ येते. ५० किलोच्या एका पोत्याला या क्रियेसाठी साधारण २० लिटर पाणी पुरते. एवढ्यात माल फार कोरडा राहतो, साच्यात नीट बसत नाही, म्हणून थोडे जास्त घालावे लागते. पण त्या ‘थोड्या’ला मर्यादा आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत एम २० या प्रतीच्या ठरावीक मिश्रणाला पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. टिकाऊपणासाठी दिलेली मर्यादा धरली तर ते साडेसत्तावीस लिटरांच्या आसपास येते. ओल्या वाळूत आधीच असलेले पाणीही त्यातच मोजायचे असते.

आता कामावर काय होते ते पाहा. माल पातळ असला की तो घमेल्यातून सर्रकन घसरतो, पसरायला सोपा जातो, माणसे दमत नाहीत आणि काम लवकर आटोपते. म्हणून मिक्सरवाला बादलीचा हात सैल सोडतो. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून दगड दळून केलेली वाळू सर्रास वापरली जाते. तिच्यात भुकटी जास्त असली की ती पाणी पिते आणि मिक्सरवाल्याला आणखी एक सबब मिळते. आपल्या हजार चौरस फुटांच्या स्लॅबला नव्वदहून अधिक पोती लागतात. पोत्यामागे पाचच लिटर पाणी जादा पडले, तरी साडेचारशे लिटरांहून अधिक निरुपयोगी पाणी स्लॅबच्या पोटात जाते. सिमेंट ते वापरत नाही. काही दिवसांनी ते उडून जाते आणि जाताना बारीक वाटा मागे ठेवते. पावसाचे पाणी आणि हवा पुढे त्याच वाटांनी आत शिरतात. पाण्याचे सिमेंटशी प्रमाण वाढले की काँक्रीटचे बळ घटते, हे डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ सालीच प्रयोगांनी दाखवून दिले होते. माझ्या वडिलांचा स्लॅब तीन वाजता का आटोपला, हे मला चौदा वर्षांनी समजले.

पाणी जास्त झाले का, हे पाहण्याची युक्ती अगदी साधी आहे. ३० सेंटिमीटर उंचीचा, वर निमुळता आणि दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा शंकू ओल्या काँक्रीटने भरतात. भरताना सळईने ठासतात आणि मग तो हळूच वर उचलतात. आतला ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचे. साध्या स्लॅबसाठी तो ७५ मिलिमीटरच्या आसपास खचला तर ठीक. शेणाच्या पोसारखा पसरला, तर मिक्सरवाल्याशी बोलण्याची वेळ आली. या शंकूला लागणारा खर्च स्लॅबच्या जेवणापेक्षा कमी असतो.

सुई आणि ठोकळा

काँक्रीट ओतले की त्यात हवा अडकलेली असते. ती बाहेर काढण्यासाठी कामगार ज्याला सुई म्हणतात, ती व्हायब्रेटरची कंप पावणारी नळी आत सोडावी लागते. काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळी राहिली, तर त्याचे बळ तीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. सुई झटकन आत घालायची आणि सावकाश बाहेर काढायची. बुडबुडे थांबले आणि पृष्ठभागावर चकाकी आली, की पुढच्या जागी जायचे. पुष्कळ ठिकाणी याच सुईने माल फावड्यासारखा ढकलत नेतात. तसे केले की खडी एका बाजूला राहते आणि सिमेंटचे दूध दुसरीकडे जाते. आणखी एक गोष्ट नेहमी घडते. दुपारी सुई बंद पडते आणि दुसरी आणलेली नसते. मग सळईने टोचून वेळ निभावली जाते. स्लॅबच्या दिवशी दुसरी सुई जागेवर आहे का, हे मालकाने सकाळीच विचारावे. तो प्रश्न कोणालाही अपमानास्पद वाटत नाही.

सर्वांत स्वस्त वस्तू मात्र वेगळीच आहे. सळ्यांची जाळी साच्याच्या फळीवर टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. लोखंडाखाली काँक्रीटचा जो थर राहतो, तो त्याचे कवच असतो. ताज्या काँक्रीटमधील क्षार लोखंडाला गंजू देत नाहीत. थर पातळ वा सच्छिद्र असला की हवा आणि ओल आत पोचते, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. म्हणून काँक्रीट आतून फुटते. कोरड्या, सौम्य हवेत हे आवरण २० मिलिमीटर हवे, मध्यम परिस्थितीत ३०, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ४५. समुद्रकाठी काँक्रीटही एम ३० प्रतीचे असावे, असे तेच मानक सांगते. रत्नागिरी, मडगाव किंवा विशाखापट्टणमला घर बांधणाऱ्याने पुण्यातल्या किंवा भोपाळमधल्या मित्राच्या स्लॅबचा हिशेब उचलू नये. माझ्या घरात ठोकळ्यांच्या जागी खडीचे तुकडे सारले होते. मजूर जाळीवरून चालले तसे ते घसरले आणि सळ्या फळीला जाऊन टेकल्या. दोनशे-अडीचशे ठोकळ्यांची ती बचत होती.

दुसरा स्लॅब

२०२३ साली पुतण्याने घर बांधायला घेतले. माझ्या छताची कथा घरात सर्वांना पाठ असल्यामुळे त्याने प्रथमच सांगितले, “काका, स्लॅबच्या दिवशी तुम्ही सकाळपासून हवेत.” निवृत्त माणसाला रजेचा प्रश्न नव्हता. तुळयांसह सोळा घनमीटर काँक्रीट लागणार होते. तयार माल मागवला होता, म्हणजे सहा-सहा घनमीटरच्या गाड्यांच्या तीन खेपा. आदल्या दिवशी त्याच्या अभियंता बाईंनी जाळीवरून फिरून ठोकळे तपासले आणि चाळीसेक जागी नवे बसवून घेतले. फिटर कुरकुरला, पण बसवले.

पहिली गाडी नऊ वाजता आली. शंकू भरला, उचलला, पट्टी लावली. माल ठीक होता. पंपावरच्या मुलाला मात्र तो घट्ट वाटला. “काका, दोन बादल्या पाणी मारू का ढोलात? पंपाला बरं पडेल,” त्याने मलाच विचारले. पांढरे केस पाहून त्याने मला मालक समजले असावे. बाईंनी त्याला थांबवले. माल सरकवायचाच असेल तर त्यासाठी कारखान्याचे रसायन असते, पाणी नव्हे, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी कारखान्याला दूरध्वनी केला. पुढच्या गाड्यांत रसायनाची मात्रा वाढवून आली.

खरी परीक्षा दुसऱ्या गाडीने पाहिली. वाटेत रस्ता अडला होता. गाडी फाटकाशी पोचली तेव्हा ती भरल्याला दोन तास वीस मिनिटे झाली होती. तयार काँक्रीट गाडी भरल्यापासून दोन तासांत उतरवावे, असा संकेत आहे. तो वाढवायचा तर तशी सोय मिश्रणातच आधी केलेली असावी लागते, आणि चलनावर तशी नोंद नव्हती. शंकूतला ढीग जेमतेम खचला. चालक म्हणाला, थोडे पाणी घातले की मऊ होईल. ठेकेदारही त्याच्याच बाजूचा झाला. सहा घनमीटर माल परत पाठवायचा म्हणजे हजारो रुपयांचा प्रश्न. शिवाय स्लॅब अर्धवट, वर ऊन, आणि पंपाचे भाडे चालूच. सर्वांनी पुतण्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या डोळ्यांसमोर ताटाएवढा पोपडा होता, पण मी बोललो नाही. निर्णय ज्यांना कळतो त्यांनी घ्यावा. बाईंनी चलनावर वेळ लिहिली, ‘नाकारले’ असे लिहून सही केली आणि गाडी वळवायला सांगितले.

पुढचा पाऊण तास फार अवघड गेला. ओतलेल्या काँक्रीटची कड घट्ट झाली, तर नवे काँक्रीट तिला जोडले जात नाही आणि तिथे कायमची गळकी शिवण राहते. कडेवर ओले बारदान टाकले. बाई दर दहा मिनिटांनी त्या कडेत सुई सोडून पाहत होत्या. सुई आत जाऊन बाहेर आल्यावर भोक आपोआप बुजत होते, म्हणजे काँक्रीट अजून जिवंत होते. अकरा चाळीसला पुढची गाडी आली. तिच्याही मालाची परीक्षा झाली आणि मगच पंप सुरू झाला. काम संपले तेव्हा साडेचार वाजले होते. परत गेलेल्या गाडीच्या खर्चावरून ठेकेदार आणि पुरवठादार यांची बरीच बाचाबाची झाली आणि अखेर दोघांनी तो निम्मा-निम्मा सोसला. जेवण थंड झाले होते, तरी श्रीखंडाला कोणी नावे ठेवली नाहीत.

काम चालू असतानाच बाईंनी १५ सेंटिमीटरच्या लोखंडी साच्यांत नमुन्याचे ठोकळे भरून ठेवले होते. ते जवळच्या तंत्रनिकेतनात द्यायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्राखाली फोडून पाहायचे. लहान घराला असे नमुने कोणी घेत नाही. मागितले तर नाही कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी घालून पाणी भरले. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकवावी लागते. ती चौदा दिवस टिकवली तर उत्तम, असे मानकात आहे. बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्रितच असते. ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवसापासून पाणी मारायला विसरू लागला, तेव्हा पुतण्याच्या मुलीने ते काम अंगावर घेतले. शाळेतून आली की ती नळी घेऊन वर चढे आणि कठड्याच्या सळ्यांमधून त्या उथळ तळ्यात कागदाच्या होड्या सोडत असे. आळी फोडायला चौदाव्या दिवशी माणूस आला. टेकू त्यानंतरही आठवडाभर तसेच ठेवले होते.

अठ्ठावीस दिवसांनी तंत्रनिकेतनाचा अहवाल आला. मागितलेल्या प्रतीपेक्षा ठोकळे थोडे वरचढ निघाले होते. बँकेने स्लॅबचा टप्पा त्यापूर्वीच दिला होता, कारण अहवालात तेच तीन शब्द होते. पुतण्याने तंत्रनिकेतनाच्या कागदाची एक प्रत आमच्या जुन्या शाखेत नेऊन दिली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने तो कागद उलटसुलट पाहिला, हा कशासाठी असतो असे विचारले, आणि सारे ऐकून घेतल्यावर तो कर्जाच्या फाइलीत लावून ठेवला.